बांगलादेश आपल्या पुढे गेला होता का? दोन देशांची तुलना करण्याआधी थोडंसं

१३ ऑक्टोबर २०२० ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा, म्हणजे आयएमएफचा, 'वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक' प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या दोन आकड्यांवरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. २०२० सालासाठी भारताचा अंदाजित दरडोई जीडीपी १,८७७ डॉलर, बांगलादेशचा १,८८८ डॉलर. फरक अकरा डॉलरचा. एकीकडे "आता बांगलादेशनेही मागे टाकलं" असे मथळे, दुसरीकडे सरकारी सूत्रांचा खुलासा, की पीपीपीने मोजलं तर आपण बरेच पुढे आहोत. दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवत होत्या. गंमत म्हणजे दोघांचेही आकडे एकाच संस्थेच्या एकाच डेटाबेसमधले होते.

पीएच.डी.ला येऊ पाहणाऱ्या, नेट-सेट झाल्यावर रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे उदाहरण मला फार कामाचं वाटतं. "अमुक देशांच्या विकासाचा तौलनिक अभ्यास" अशा नावाची बरीच प्रपोजल्स वर्ल्ड बँकेच्या साइटवरून दरडोई जीडीपीची एक सिरीज उचलतात आणि थेट रिग्रेशनला लागतात. कोणती सिरीज घेतली, का घेतली, याबद्दल एक वाक्य नसतं. मुलाखतीत बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं.

तर त्या अकरा डॉलरपासूनच सुरुवात करू.

भारताचा जीडीपी रुपयात मोजतात, बांगलादेशचा त्यांच्या टका या चलनात. दोन्ही डॉलरमध्ये आणायचे तर सोपा मार्ग म्हणजे बाजारातल्या विनिमय दराने भागायचं. २०१७ च्या अखेरीस डॉलर साधारण ६४-६५ रुपयांना होता, २०२० मध्ये ७४ च्या आसपास गेला. टका मात्र त्याच काळात ८० च्या थोडं वरून ८५ च्या आसपास, एवढाच हलला; कारण त्यांची मध्यवर्ती बँक तो दर बराचसा धरून ठेवत होती. त्यात टाळेबंदी. आयएमएफचा २०२० चा अंदाज भारतासाठी उणे १०.३ टक्के होता आणि बांगलादेशसाठी अधिक ३.८ टक्के. म्हणजे त्या अकरा डॉलरमध्ये एका वाईट वर्षाचा धक्का आहे, आधीच्या अनेक वर्षांतली बांगलादेशची खरीखुरी प्रगती आहे, आणि चलनाच्या बाजारात काय चाललं होतं तेही आहे. तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात कालवलेल्या.

आता दुसरा आकडा. त्याच अहवालात पीपीपीने, म्हणजे क्रयशक्तीच्या समतुल्यतेने मोजलेला दरडोई जीडीपी भारताचा ६,२८४ आणि बांगलादेशचा ५,१३९ होता. इथे भारत सुमारे २२ टक्के पुढे. कल्पना साधी आहे. विनिमय दर ठरतो तो सीमा ओलांडणाऱ्या गोष्टींवरून: तेल, कापड, सॉफ्टवेअर, भांडवल. पण आपल्या खर्चातला मोठा भाग सीमा ओलांडतच नाही. न्हाव्याकडे केस कापणं, रिक्षाचं भाडं, शिकवणीची फी, घरभाडं. गरीब देशात मजुरी कमी, म्हणून या गोष्टी स्वस्त. १९६४ मध्ये बेला बलाशा आणि पॉल सॅम्युअलसन यांनी स्वतंत्रपणे हा मुद्दा मांडला आणि तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. बाजारातल्या दराने भागलं की गरीब देश आहे त्याहून गरीब दिसतो. म्हणून एक डॉलर अमेरिकेत जे विकत घेतो तेच घ्यायला भारतात किती रुपये लागतात, हे शोधून त्या दराने भागायचं. हा झाला पीपीपी.

इथपर्यंत पाठ्यपुस्तकात असतंच. आता जरा कॅल्क्युलेटर घ्या. डॉलरमधला आकडा भागिले पीपीपीचा आकडा केला की त्या देशाची किंमतपातळी मिळते, अमेरिका १०० धरून. भारत: १,८७७ ÷ ६,२८४, म्हणजे सुमारे ३०. बांगलादेश: १,८८८ ÷ ५,१३९, म्हणजे सुमारे ३७. दोन्ही आकडे बरोबर मानले तर आयएमएफ आपल्याला असं सांगतेय, की बांगलादेश हा भारतापेक्षा साधारण २३ टक्के महाग देश आहे.

टीव्हीवर हे कुणी म्हटलं नाही, पण संशोधनाचा प्रश्न खरं तर इथे सुरू होतो. दोन्ही देश दक्षिण आशियातले, मजुरीत डोळ्यांत भरेल असा फरक नाही, मग किंमतपातळीत एवढा फरक का? एक शक्यता अशी की टका कृत्रिमरीत्या मजबूत ठेवला होता. पुढे झालं ते या शक्यतेला जुळणारं आहे. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ८६ टकांना होता, २०२४ अखेर तो १२० च्या आसपास गेला. डॉलरमधला दरडोई आकडा त्यामुळे खाली ओढला गेला. दर बदलला त्या दिवशी ढाक्यातल्या कुणाच्या ताटातली भाताची मूद मात्र लगेच लहान झाली नाही. आयात महागल्याने महागाई आली, पण ती नंतर, आणि तिचा हिशोब वेगळा. दुसरी शक्यता अशी की पीपीपीच्याच मोजमापात काहीतरी आहे. ही शक्यता लोक तपासतच नाहीत, कारण पीपीपी म्हणजे "खरा" आकडा असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं.

पीपीपी येतो कुठून? इंटरनॅशनल कम्पॅरिझन प्रोग्रॅम, आयसीपी. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात आयर्विंग क्रॅव्हिस यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सोबतीने १९६८ मध्ये हे काम सुरू केलं. १९७० साठीच्या पहिल्या फेरीत फक्त दहा देश होते आणि त्यात भारत होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. आज हा कार्यक्रम वर्ल्ड बँकेतून चालतो आणि पावणेदोनशेच्या आसपास देश त्यात असतात. शेकडो वस्तू आणि सेवांच्या किमती देशोदेशी गोळा करायच्या, त्या एकमेकांशी जुळवायच्या. ऐकायला सोपं. पण सोलापूरच्या घरातली ज्वारी ढाक्यात कुठल्या दराने मोजणार? जी वस्तू एका ठिकाणी रोजची ती दुसऱ्या ठिकाणी मिळतच नाही, किंवा शौकाची म्हणून महाग मिळते. देश जितके वेगळे तितकी ही जुळवाजुळव नाजूक. अँगस डीटन यांनी यावर खूप लिहिलंय. पीपीपी वापरणार असाल तर डीटन आणि ॲलन हेस्टन यांचा २०१० चा लेख टाळून चालणार नाही.

या नाजूकपणाची किंमत काय असते? २००५ च्या फेरीत चीन पहिल्यांदा नीट सहभागी झाला. तिथल्या किमती अकरा शहरांमधून गोळा झाल्या होत्या. निकाल आले तेव्हा चीनचा पीपीपीमधला जीडीपी आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाला, आणि भारताचाही जवळपास तेवढ्याच प्रमाणात खाली आला. कारखाना बंद पडला नाही, पीक बुडालं नाही. फक्त पट्टी बदलली. शहरातले दर खेड्याला लावले तर सगळा देश महाग दिसतो आणि म्हणून गरीब दिसतो, अशी टीका झाली ती याच फेरीवर. त्याच नव्या पीपीपीच्या आधारे वर्ल्ड बँकेने गरिबीची रेषा दिवसाला सव्वा डॉलर केली आणि जगातल्या अतिगरिबांची संख्या सुमारे ४० कोटींनी वाढून १४० कोटींवर गेली. चाळीस कोटी माणसं कागदावर गरिबीत आली! मदतनिधीच्या वाटपात, धोरणात असे आकडे वापरले जातात.

शाओहुआ चेन आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी २००८ मध्ये यावर जो पेपर लिहिला त्याच्या शीर्षकाचा आशयच असा आहे, की विकसनशील जग आपल्याला वाटलं त्याहून गरीब आहे, पण गरिबीशी लढण्यात कमी यशस्वी नाही. वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांकडे नीट बघा. पातळी बदलली, कल बदलला नाही. कारण कोण किती वर आहे हा एक प्रश्न आणि कोण किती वेगाने चढतंय हा दुसरा. पातळीसाठी पीपीपी लागतो. वेगासाठी बहुतेक वेळा देशाच्या स्वतःच्या स्थिर किमतींमधली वाढ पुरते, आणि ती पीपीपीच्या फेऱ्यांमुळे हलत नाही.

पेन वर्ल्ड टेबल उघडलंत तर हाच फरक तिथे व्हेरिएबलच्या नावात दिसेल. आता हे टेबल नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातून येतं. त्यात 'आरजीडीपीई', 'आरजीडीपीओ' आणि 'आरजीडीपीएनए' अशा तीन मुख्य सिरीज आहेत. पहिली राहणीमानाच्या तुलनेसाठी, दुसरी उत्पादनक्षमतेच्या तुलनेसाठी, तिसरी एकाच देशाच्या काळानुसार वाढीसाठी. फीन्स्ट्रा, इंक्लार आणि टिमर यांच्या २०१५ च्या लेखात हे सविस्तर आहे. आधीच्या आवृत्त्यांमध्ये ही सोय नव्हती, आणि तेव्हाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की ६.१ आणि ६.२ या आवृत्त्यांपैकी एकीत इक्वेटोरियल गिनी हा आफ्रिकेतल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या देशांपैकी होता आणि दुसरीत सर्वांत खराब कामगिरी करणाऱ्यांपैकी. देश तोच, वर्षं तीच. तेव्हा थिसिसमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहा, आणि जमलं तर मुख्य निकाल दुसऱ्या आवृत्तीवरही चालवून बघा. परीक्षकाने विचारायच्या आधी.

बरं, भागाकार सोडा, वर जो जीडीपी आहे तो तरी पक्का का? नायजेरियाने २०१४ मध्ये आधारवर्ष १९९० वरून २०१० वर आणलं आणि २०१३ चा जीडीपी ८९ टक्क्यांनी वाढला; मोबाइल, चित्रपट असे उद्योग जुन्या हिशोबात जवळजवळ नव्हतेच. रातोरात दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून तो आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था झाला. भारतानेही जानेवारी २०१५ मध्ये आधारवर्ष २०११-१२ केलं, तेव्हा २०१३-१४ चा वाढीचा दर ४.७ वरून ६.९ टक्के झाला, आणि त्या नव्या मालिकेवरचा वाद पुढे अनेक वर्षं चालला. बांगलादेशने २०२१ मध्ये आधारवर्ष बदललं. तिथे २०२४ च्या सत्तांतरानंतर नेमलेल्या श्वेतपत्रिका समितीने आधीच्या काळातल्या वाढीच्या आकड्यांवरच प्रश्नचिन्ह लावलंय. म्हणजे आपल्या तुलनेत दोन्ही बाजूंचे अंश वादात आहेत. वाद आहे म्हणून विषय सोडायची गरज नाही. तो कुठे आहे हे माहीत असलं म्हणजे झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी खरं तर तुलना करायची असते. माणसं कशी जगतात?

ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ च्या 'ॲन अनसर्टन ग्लोरी'मध्ये नेमकी हीच जोडी घेतली होती, आणि त्यांची मांडणी २०२० च्या गोंधळाच्या अगदी उलट होती. त्यांचं म्हणणं, १९९० नंतरच्या वीस वर्षांत भारताचं दरडोई उत्पन्न बांगलादेशच्या तुलनेत वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झालं, आणि त्याच वीस वर्षांत सामाजिक निर्देशांकांमध्ये बांगलादेश पुढे निघून गेला. १९९० मध्ये बांगलादेशचा बालमृत्युदर भारताहून जास्त होता. पुढे तो भारताहून कमी झाला. सरासरी आयुर्मान तिथे आपल्यापेक्षा दोनेक वर्षांनी जास्त. लसीकरण, शौचालयांचा वापर, मुलींचं शिक्षण, गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविका अशी कारणं सांगितली जातात. कुठल्या कारणाचा वाटा किती, यावर अजून बरंच काम करता येईल. आखातात राबणाऱ्यांनी घरी धाडलेला पैसाही आहे. तो जीडीपीत येत नाही, पण ताटात येतो. केरळचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवीन नाही.

उलट बाजू आयर्लंडची. २०१५ मध्ये तिथला जीडीपी सुरुवातीच्या आकड्यानुसार एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढला. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा करासाठी आयरिश पत्त्यावर हलवली, एवढंच. डब्लिनच्या बसचालकाचा पगार काही पाव पट वाढला नव्हता. शेवटी त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा निर्देशक काढावा लागला.

एक सावधगिरी सांगायला हवी, कारण ही चूक होताना दिसते. द्रेझ-सेन यांच्या २०१० च्या "जवळजवळ दुप्पट" पासून आयएमएफच्या २०२० च्या "२२ टक्के जास्त" पर्यंत रेघ ओढून "दहा वर्षांत दरी एवढी मिटली" असं लिहू नका. दोन्ही आकडे आयसीपीच्या वेगवेगळ्या फेऱ्यांवर बेतलेले आहेत. दरी कमी झाली असेलही, पण त्या रेघेतला काही भाग बांगलादेशचा आहे आणि काही पट्टी बदलल्याचा. तो वेगळा काढायचा तर एकाच फेरीवर आधारलेली संपूर्ण सिरीज घ्यावी लागेल.

तेव्हा प्रपोजलला बसण्याआधी एवढं करून बघा. वर्ल्ड बँकेच्या डेटाबेसमधून भारत आणि बांगलादेशचे तीन स्तंभ उतरवा: चालू डॉलरमधला दरडोई जीडीपी, पीपीपीमधला, आणि देशी चलनातला स्थिर किमतींचा. १९९० पासून पुढे. पहिला भागिले दुसरा करून दोन्ही देशांच्या किंमतपातळीचा आलेख काढा आणि तो कुठल्या वर्षी वाकतो ते बघा. मग त्या वर्षाच्या आजूबाजूला विनिमय दराचं काय झालं ते शोधा. शेजारी बालमृत्युदराचा आलेख लावा. तो किंमतपातळीसारखा वर-खाली उड्या मारत नाही, हे लगेच लक्षात येईल. दोन तासांचं काम आहे, एक्सेलमध्ये होतं.