विमानाच्या स्क्रूला मेण!

सुटे भाग जोडून खेळण्यातली मोटार तुम्ही बनवली असेलच. पण अमेरिकेत काही हौशी मंडळी घरच्या गॅरेजमध्ये असेच भाग जोडून चक्क खरंखुरं, माणसं बसून उडवायचं विमान तयार करतात! ऑरेगन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी असे संच विकते. तिच्या संचांतून बनलेली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत.

अशा विमानात स्क्रू आणि नट-बोल्ट पुष्कळ. तुम्ही म्हणाल, 'त्यात काय? तेलाचा थेंब सोडायचा नि पिळायचं!' थांबा, इतकं सोपं नाही ते.

आधी झाकणांचे स्क्रू पाहू. ते ज्या नटात बसतात तो पत्र्यामागे, हात पोचत नाही अशा जागी रिव्हेटनं पक्का केलेला असतो. त्याला म्हणतात नटप्लेट. इंजिनाच्या थरथरीनं स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याचं तोंड मुद्दाम किंचित चेपलेलं असतं. त्यामुळे स्क्रू फार घट्ट जातो. जास्त जोर लावला की स्क्रू ड्रायव्हर निसटतो आणि डोक्यावरची खाच झिजते. मग स्क्रू आत जात नाही आणि बाहेरही येत नाही! म्हणून कारागीर आट्यांना थोडं मेण लावतात. स्क्रू गुमान आत जातो, आणि चेपलेल्या तोंडाची पकड कायम राहते.

आता पंखासारखे महत्त्वाचे भाग जोडणारे बोल्ट घ्या. इथे मात्र मनानं तेल लावायचं नाही! का बरं? बोल्ट पिळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, आणि हा ताणच दोन भाग घट्ट धरून ठेवतो. पण आपण लावलेल्या जोराचे १०० भाग केले, तर साधारण ९० भाग घर्षणातच खर्च होतात. ताणायला उरतात जेमतेम १०! तेलानं घर्षण घटलं की तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. तो कायमचा लांबतो, प्रसंगी तुटतोही. आकाशात असं झालं तर?

म्हणून किती पिळायचं ते ठरलेलं असतं, आणि ते मोजायला टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. ३/१६ इंच जाडीच्या नेहमीच्या विमानी बोल्टला २० ते २५ इंच-पौंड, म्हणजे १० इंची पान्याच्या टोकाला फक्त किलोभर जोर! अमेरिकेच्या एफएए या सरकारी खात्याच्या १९९८ सालच्या मार्गदर्शिकेत बजावलंय, की हे आकडे तेल न लावलेल्या आट्यांसाठी आहेत. एखाद्या बोल्टला वंगण हवंच असेल, तर ते विमानाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

करून पाहायचंय? आई-बाबांना सोबत घ्या. लाकडाच्या तुकड्यात दोन सारखी भोकं पाडून दोन सारखे स्क्रू पिळा. एकाला मेणबत्ती घासा, दुसरा कोराच ठेवा. साबण नको हं, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. फरक तुमच्या मनगटालाच कळेल!