टी-९० उघडताना

कापूरहोळच्या फाट्यावरून पश्चिमेला वळलेला रस्ता भोरला पोचतो आणि पुढे वरंधा घाटातून महाडकडे उतरतो. त्या उतारावर गाडी इंजिनावर धरायची, तर गिअर पक्का बसलेला हवा. तो सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. जुन्या पेट्रोल जीपच्या टी-९० गिअरबॉक्सला नेमकी हीच खोड: वयोमानाने दुसरा गिअर उडतो.

महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. टी-९० हा त्याच विलीज घराण्यातला तीन गिअरचा बॉक्स. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही. तो घरी उघडता येतो. कंपनीचं खास हत्यार मिळत नाही म्हणून अडून बसण्याचं कारण नाही. त्या हत्याराचं काम काय, एवढं कळलं पाहिजे.

डमी शाफ्टचंच पाहा. खालच्या क्लस्टर गिअरच्या पोटात, दोन्ही टोकांना, सुयांसारखे बारीक रोलर ओळीने बसलेले असतात. त्यांना आतून आधार फक्त काउंटरशाफ्टचा. तो नुसता ठोकून काढला, तर रोलर बॉक्सभर सांडतात. म्हणून त्याच्या मागोमाग डमी सरकवायचा: जाडीला किंचित कमी, लांबीला क्लस्टर आणि दोन्ही थ्रस्ट वॉशर मिळून होईल तेवढाच. मग क्लस्टर रोलरांसकट अलगद तळाशी टेकतो आणि पुढचा इनपुट शाफ्ट निघायला जागा होते. झिजलेला जुना काउंटरशाफ्ट दुसऱ्या दुरुस्तीतून पडून असेल, तर लेथवर तोच कापून घ्यावा. जोडताना रोलर घट्ट ग्रीसमध्ये चिकटवायचे आणि हाच खेळ उलटा खेळायचा.

बेअरिंगचं गणित त्याहून सोपं. ६२०७ या क्रमांकातले शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतलं भोक मिळतं: ३५ मिलिमीटर. म्हणजे जीपचं नाव न घेताही पुण्यातल्या दुकानात माप सांगता येतं. प्रेस नसेल, तर बेअरिंग तेलात तापवावं. तापमान ८० अंशांनी वाढलं की तेवढं भोक सुमारे तीन शतांश मिलिमीटरने मोठं होतं. सहसा तेवढ्यानेच काम होतं. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या कड्यावर हातोडी मारायची नाही. तो घाव गोळ्यांतून जातो, कड्यांवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं.

पण नुसत्या बेअरिंगने उडणारा गिअर थांबेलच असं नाही. स्लीव्हचे गोल झालेले दात, झिजलेला फोर्क, मऊ पडलेली स्प्रिंग, वाढलेला एंड-प्ले हे सगळं तपासावं लागतं. इथे काटकसर करू नये. जुनी पितळी सिंक्रो रिंग कोनवर दाबून फिरवावी. धरत नसेल, तर ती बदलायचीच.

झाकण लावण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून तिन्ही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहावेत. तेल निवडताना जीएल-५ टाळलेलं बरं. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळेला बाधू शकतात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तेल काढून त्यात चुंबक फिरवावा. बारीक काळी पूड चालते, चकचकीत कपचा निघाला तर बॉक्स पुन्हा खाली उतरवायचा.