दुधीला फुलं भरपूर, पण दुधी गळून जातात? संध्याकाळची पाच मिनिटं द्या!

गच्चीतल्या ड्रममध्ये लावलेला दुधी जोमात वाढतो. पांढरी फुलं येतात, बोटाएवढे दुधीही दिसू लागतात. घरात भाजीचे बेत ठरतात आणि चार दिवसांत ते दुधी पिवळे पडून गळतात. मग कुणी खत वाढवतं, कुणी औषध फवारतं. पण कोवळ्या दुधीवर फळमाशीने टोचल्याची खूण नसेल, तर बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. परागीभवन झालेलंच नसतं.

असं का होतं?

दुधीच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत गेले तरच फळ धरतं. गंमत म्हणजे दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. तोपर्यंत मधमाश्या घरी परतलेल्या असतात. हे काम मुख्यतः रात्री फिरणारे पतंग करतात. उंच इमारतीतल्या बाल्कनीत ते आले नाहीत, तर फूल तसंच कोमेजतं.

नर कोण, मादी कोण?

पाकळ्यांच्या खाली इवलासा दुधी दिसला की ते मादी फूल. नुसता लांब, सरळ देठ असेल तर नर. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, त्यामुळे ती गळाली तरी घाबरण्याचं कारण नाही.

हाताने परागीभवन कसं करायचं?

१. संध्याकाळी नुकतंच उमललेलं नर फूल देठासकट तोडा.
२. त्याच्या पाकळ्या काढा. मधल्या दांड्यावर पिवळे पराग दिसतील.
३. हा दांडा मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर सगळीकडून हलकेच फिरवा.
४. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.

फूल पावसाने भिजलेलं असेल तर पराग वाहून जातात, म्हणून कोरडं फूल निवडा.

इतर वेलींचं काय?

पद्धत हीच, वेळ वेगळी. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. लाल भोपळा, कारलं आणि घोसाळ्याचं काम मात्र सकाळी लवकर उरकावं लागतं. भोपळ्याचं फूल तर दुपारपर्यंत मिटूनही जातं.

व्हॅनिलाही अशीच पिकते!

हा खटाटोप फक्त हौशी बागेतला नाही. १८४१ मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या अवघ्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचं हाताने परागीभवन करण्याची सोपी पद्धत शोधली. आजही जगभरातल्या व्हॅनिलाच्या मळ्यांत एकेक फूल हातानेच फळवलं जातं.

जमलं हे कसं ओळखायचं?

तीन-चार दिवस थांबा. देठ जाड होऊन दुधी हिरवागार राहिला आणि फुगू लागला, तर काम झालं. पिवळा पडलाच, तर पुढच्या फुलावर पुन्हा प्रयत्न करा. वेल मोसमभर संधी देत राहते.