उतरावयाचें स्टेशन

नाताळची सुटी लागली म्हणजे आमच्या वसतिगृहांत जी धांदल उडते तींत तिकिटाची, वळकटीची आणि गाडींत जागा मिळविण्याची चिंता प्रत्येक मुलास असते. परंतु योग्य स्टेशनावर उतरण्याची चिंता क्वचितच कोणी वाहतो. एकदां डब्यांत पाय ठेवला कीं गाडीच आपणांस घरीं पोंचवील, अशी आपली भाबडी समजूत असते. ती किती पोकळ आहे हें मी लहानपणीं एका रात्रींत शिकलों.

चाळीसगांवीं मी एकटाच गाडींत बसलों होतों. उतरावयाचें होतें जळगांवास. खिडकीशीं जागा मिळाली, वारा गार होता, डोळा लागला. जाग आली तेव्हां गाडी कोणत्याशा पुलावरून धडधडत चालली होती. समोर एक वृद्ध बाई केळ्यांची पाटी पायांशीं घेऊन बसली होती. तिनें विचारिलें, "भाऊ, कथा जाई राह्यना?" मी "जळगांवास" म्हणतांच तिनें कपाळाला हात लावला. तो पूल वाघूर नदीचा होता. जळगांव केव्हांच मागें पडलें होतें आणि आतां भुसावळ येत होतें. उरलेली रात्र मीं भुसावळच्या एका बांकावर काढली. घरीं वडिलांची काय अवस्था झाली असेल, हा विचार त्या रात्रीं थंडीपेक्षां अधिक बोंचला.

उतरण्यापूर्वीं त्या बाईनें एक गोष्ट सांगितली ती मात्र जन्मभर उपयोगीं पडली. तिच्या बोलण्याचा भावार्थ असा कीं, जळगांवची वाट पाहत बसूं नये, शिरसोलीची वाट पाहावी. शिरसोली गेली कीं उठून सामान हातीं घ्यावें. आपलें स्टेशन दिसूं लागल्यावर तयारीस वेळ उरत नाहीं. म्हणून ओळखावयाचें असतें तें अलीकडचें स्टेशन.

चाळीसगांवाहून जळगांवाकडे येतांना वाघळी, कजगांव, नगरदेवळें, गाळण, पाचोरा, परधाडे, माहेजी, म्हसावद आणि शिरसोली अशीं स्टेशनें लागतात. भूगोलाच्या तासाला ब्रह्मपुत्रेच्या उपनद्या आपण घोकतों; हीं नऊ नांवें त्याहून सोपीं आहेत आणि अधिक उपयोगाचीं. मेल व एक्स्प्रेस गाड्या ह्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं थांबत नाहींत, आणि रात्रीं धांवत्या गाडींतून पाटी वाचतां येत नाहीं. अशा वेळीं नद्या साह्य करितात. सुरतेकडून अमळनेरमार्गें जळगांवास येणारानें पाळधी मागें पडतांच कान उघडे ठेवावे. गिरणेच्या पुलाचा आवाज झाला कीं जळगांव आलेंच. पूर्वेकडून येणारास हीच सूचना वाघूर देते. आणि भुसावळाहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीनें तापी ओलांडली, तर भुसावळच्या उतारूनें समजावें कीं आपली रात्रही आतां बांकावरच जावयाची.

जपान देशांत ह्या बाबतींत उतारूची मोठी सोय केलेली आहे. तेथील स्टेशनाच्या पाटीवर मधोमध त्या स्टेशनाचें नांव मोठ्या अक्षरांत असतें, आणि खालीं एका बाजूस मागच्या व दुसऱ्या बाजूस पुढच्या स्टेशनाचें नांव लिहिलेलें असतें. म्हणजे केळेवाल्या बाईचा उपदेश तेथें प्रत्येक फलाटावर रंगवून ठेविला आहे! नांवही निरनिराळ्या लिप्यांत असतें. चिनी वळणाच्या अक्षरांचे उच्चार कित्येकदां खुद्द जपानी मनुष्यासही संशयांत पाडतात, म्हणून जोडीला त्यांची उच्चारदर्शक काना लिपी देतात. परक्यांसाठीं रोमन अक्षरें असतात. टोकियोच्या भुयारी रेल्वेनें 2004 सालापासून स्टेशनांना अक्षर व आंकडा देण्यास आरंभ केला. त्यामुळें ज्यास एकही नांव वाचतां येत नाहीं तोही आंकडे मोजीत नेमका उतरतो. जपानची पहिली आगगाडी 1872 सालीं धांवली. आमची बोरीबंदराहून ठाण्यास 1853 सालींच गेली होती. वडीलपणा आमचा खरा, परंतु पाटीच्या कामीं धाकट्याकडून शिकण्यासारखें आहे.

आमच्या पिवळ्या पाटीवर एकच नांव तीन भाषांत असतें. मराठींत जळगांव, हिंदींत जलगांव आणि खालीं इंग्रजी. भुसावळ व भुसावल, चाळीसगांव व चालीसगांव, अशा जोड्या आमच्या सर्व मार्गावर आहेत. ळ हें अक्षर येथील पाट्यांवर जितकें ठळक दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसत असेल! पाटीच्या कोपऱ्यांत समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली आढळते. ती अभियंत्यांच्या कामाची. पण अर्धवट झोंपेंतून उठलेल्या मुलास "पुढचें स्टेशन कोणतें" हें तिच्यावरून कळावयाचें नाहीं. तो पाटीचा खालचा भाग ज्यानें त्यानें आपल्या डोक्यांतच रंगवून नेला पाहिजे.

जपानांत घड्याळ पाहूनही उतरतां येतें, कारण तेथील गाड्या मिनिटाचा हिशेब ठेवितात. आमच्याकडे घड्याळावर विसंबणारा फसेल. गाडी तासभर मागें असली म्हणजे तिकिटावरच्या वेळेस आपण पाचोऱ्याच्याही अलीकडे असूं शकतों. अंतर मात्र बदलत नाहीं. मुंबईहून जळगांव सुमारें 420 किलोमीटर आणि भुसावळ त्याच्या पुढें सुमारें 24. हल्लीं खिशांतला मोबाईल आपण कोठें आहों हें नकाशावर दाखवितो. तथापि तो रात्रीं निजलेला असला, किंवा मालक निजलेला असला, तर नकाशा काय करणार?

नांवांचा फसवेपणा हा निराळाच विषय आहे. रेल्वेच्या भाषेंत गांवाच्या नांवापुढें "रोड" आलें कीं गांव तेथें नाहीं, तेथून सडकेनें जावयाचें आहे, असें समजावें.  नाशिक रोडला उतरल्यावरही नाशिक शहर कांहीं मैलांवर राहतें. जपानांत हेंच काम "शिन", म्हणजे "नवें", हा शब्द करितो. 1964 सालीं टोकियोहून शिनकानसेन ही जलद गाडी सुरू झाली, ती ओसाका स्टेशनाला न जातां शिन-ओसाकास थांबते, आणि दोहोंमध्यें योदो नदी आहे. शिवाय अमळनेर बीड जिल्ह्यांतही एक आहे आणि जळगांव बुलढाणा जिल्ह्यांतही. पत्र चुकलें तर फिरून येतें. मनुष्य चुकला तर भाडें दुप्पट लागतें.

धुळ्याच्या मुलांची गोष्ट तर सर्वांहून नवलाची, कारण त्यांच्या गांवाला योग्य स्टेशनें दोन आहेत. धुळें मुंबई-भुसावळ मार्गावर नाहीं आणि सुरत-जळगांव मार्गावरही नाहीं. सुरतेकडून येणारा नरडाण्यास उतरून सडकेनें धुळें गांठतो. मुंबईकडून येणारास चाळीसगांवीं 1900 सालीं सुरू झालेली शाखा मिळते; ती गिरणा ओलांडून जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर करीत धुळ्यास जाते. पूर्वीं मुंबईच्या गाडीला धुळ्याचे कांहीं डबे जोडीत आणि ते चाळीसगांवीं तोडून शाखेच्या गाडीस लावीत. त्या काळीं चाळीसगांवाला उतरणें न उतरणें हें डब्यावर अवलंबून असे! भलत्या डब्यांत निजलेला धुळेकर सकाळीं परमुलखांत जागा होई. हा घोटाळा जपानांतही होऊं शकतो. उत्तरेकडील मोरिओका स्टेशनावर हायाबुसा व कोमाची ह्या जोडून आलेल्या गाड्या सुटून वेगळ्या वाटेनें जातात. म्हणून तेथेंही गाडीबरोबर डबाही पाहावा लागतो.

येथवरच्या चुका हंसण्यावारी नेतां येतील. पुढची नेतां येत नाहीं. 22 जानेवारी 2025 रोजीं लखनौहून मुंबईस जाणारी पुष्पक एक्स्प्रेस आपल्याच जिल्ह्यांत माहेजी व परधाडे ह्यांच्या दरम्यान उभी राहिली. डब्यांत आग लागल्याची हूल उठली, कोणी सांखळी ओढली, आणि भ्यालेले उतारू जेथें फलाट नाहीं अशा ठिकाणीं शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस भरधांव आली. डझनभर माणसें प्राणांस मुकलीं. आग लागलेली नव्हतीच. जे उतरले त्यांस दोष देण्याचें आपणांस कारण नाहीं. धुराची आरोळी कानीं पडल्यावर किती जण शांत बसतील? पण ज्या मार्गावर दोन रूळजोड्या आहेत तेथें दुसऱ्या गाडीच्या बाजूचें दार हें दार नव्हे, हें आधींच मनांत ठसलेलें असलें तर भीतीच्या क्षणींही हात दुसऱ्या दाराकडे जातो.

आपलें स्टेशन गेलें म्हणून सांखळी ओढणें हाही असाच अविचार आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 141 व्या कलमानें, पुरेशा कारणावांचून ती ओढणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊं शकतात. गाडी हालली असतां उडी टाकणारास तर कायदा शिक्षा करण्याच्या आधींच रूळ करितात. पुढच्या स्टेशनावर उतरावें, तिकीट तपासनिसास खरें तें सांगावें, जास्त भाडें लागेल तें भरावें आणि उलट गाडी पकडावी. भुसावळचा बांक थंड होता खरा. पण सकाळीं मी घरीं होतों.

वसतिगृहांतील लहान मुलांनीं एवढें करावें. निघतांना आपल्या स्टेशनाच्या अलीकडचीं दोन नांवें एका चिठ्ठीवर लिहून ती खिशांत ठेवावी, आणि डब्यांतील एखाद्या बाईस अगर म्हाताऱ्या बाबास तीं ऐकवावीं. खानदेशांत असें विचारल्यावर अर्धा डबा त्या मुलाचें स्टेशन लक्षांत ठेवितो. ज्यांना धुळ्यास जावयाचें आहे त्यांनीं चाळीसगांवापर्यंत मात्र जागें राहावें. तेथें गाडी बदलली कीं मग खुशाल निजावें. धुळ्यास रूळच संपतात, आणि गाडी रिकामी करतांना कोणी ना कोणी हालवून जागें करतेंच.