अंतू जिंकला की जिंकवला?

आवडत्या कॅरेक्टर्सचा 'वर्ल्ड कप' भरवताय? मग मतं कशी मोजायची ते आधी ठरवा. नाहीतर ग्रुप फुटलाच म्हणून समजा!

चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघालं की पायथ्याशी पोफळी लागते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथल्या भूमिगत वीजगृहात येतं आणि त्याची वीज होते. प्रकल्प म्हटला की कॉलनी आली, बदल्या आल्या आणि गावोगावची माणसं आली. कॉलनीतली पोरं मोठी होऊन पुणे, मुंबई, न्यू जर्सी अशी पांगतात. उरतो तो फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

समजा, अशाच एका तीसजणांच्या ग्रुपवर कुणीतरी पिल्लू सोडलं : पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधला सगळ्यात भारी कोण? या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण 'फेव्हरिट कोण' हा वाद काही मिटलेला नाही. फायनलला तिघं आले. रत्नागिरीचा अंतू बर्वा, लग्नघरातला नारायण आणि चितळे मास्तर.

एकच मतदान, तीन विजेते

प्रत्येकाने आपला पहिला, दुसरा, तिसरा नंबर लिहून दिला. बाराजण म्हणाले : अंतू, मग मास्तर, मग नारायण. दहाजण : नारायण, मास्तर, अंतू. उरलेले आठ : मास्तर, नारायण, अंतू.

आता मोजा. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ज्याला पहिली पसंती जास्त तो राजा, तर १२ मतांनी अंतू जिंकला. रत्नागिरीकर खूश! पण एक मिनिट. तीसपैकी १८ जणांनी अंतूला शेवटी टाकलंय, त्याचं काय?

मग दुसरी पद्धत. सगळ्यात कमी पहिली पसंती असलेले मास्तर आऊट. त्यांची आठ मतं पुढच्या पसंतीला, म्हणजे नारायणला. निकाल : नारायण १८, अंतू १२. नारायण विजयी!

आता तिसरा फंडा. प्रत्येक जोडीची वेगळी मॅच लावा. मास्तर विरुद्ध अंतू : १८-१२. मास्तर विरुद्ध नारायण : २०-१०. दोन्ही मॅच मास्तरांच्या खिशात. म्हणजे कागद तेच, मतं तीच आणि विजेते तीन. कुणी चीटिंग केलेलं नाही, बरं का!

फ्रेंच लोकांचं जुनं भांडण

हा लोचा अडीचशे वर्षं जुना आहे. अठराव्या शतकात बोर्दा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने क्रमाला गुण द्यायची आयडिया मांडली. पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला भोपळा. आपल्या ग्रुपवर हे लावलं तर मास्तर ३८, नारायण २८, अंतू २४. पण यात चलाखीला वाव आहे. नारायणवाल्या दहाजणांनी मास्तरांना मुद्दाम शेवटी ढकललं, तर मास्तर २८वर येतात आणि नारायण २८वरच राहतो. जिंकतो कोण? ३४ गुण घेऊन अंतू! करायला गेले एक अन् झालं भलतंच.

बोर्दाचा समकालीन कोंदोर्से म्हणाला, जोड्या लावा. १७८५च्या पुस्तकात त्याने त्यातली मेखही दाखवली. कधी कधी अंतू नारायणला हरवतो, नारायण मास्तरांना आणि मास्तर अंतूला! असं चक्र असताना नॉकआऊट ठेवली, तर थेट फायनलला कुणाला बसवलं यावर कप ठरतो. म्हणजे खरा राजा ड्रॉ काढणारा. १९५१ साली अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी तर सिद्धच केलं, की तीन किंवा जास्त उमेदवार असले तर निव्वळ पसंतीक्रमावर चालणारी, रास्ततेच्या सगळ्या अटी पाळणारी पद्धत असूच शकत नाही.

आपल्याकडची उदाहरणं

'दुसऱ्या पसंतीची मतं' हा शब्द आपल्याला नवा नाही. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात मतदार १, २, ३ असेच आकडे लिहितात. राष्ट्रपती निवडणुकीतही तेच. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात पहिल्या फेरीत जवळपास ८८ हजार मतमूल्याचं अंतर होतं, पण कोटा कुणालाच गाठता आला नव्हता. तिसऱ्या नंबरवर होते रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. पुढच्या पसंतीची मतं मोजल्यावर अंतर १५ हजारांच्या आत आलं. गिरी जिंकले, पण थोडक्यात.

आणि एसएमएसचा जमाना आठवतोय? २००७च्या 'इंडियन आयडॉल'मध्ये प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगच्या लोकांनी वर्गणी काढून मतं पाठवली होती. तिथे एका माणसाला एक मत नव्हतंच. जितका बॅलन्स तितकी मतं! त्यातून आवड मोजली जात नाही, जिद्द मोजली जाते. ते वाईट असं नाही, पण आपण काय मोजतोय ते माहीत हवं.

मग करायचं काय?

उमेदवार ढिगाने असतील तर आधी चाळणी लावा : आवडतील तितक्या नावांवर टिक. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये ही सोय आहेच. त्यातून वरचे चार घ्या आणि नॉकआऊटऐवजी लीग खेळवा, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी मॅच. एका माणसाला एकच मत. बरोबरी झाली किंवा चक्र पडलं तर काय, हे पहिलं मत पडायच्या आधी लिहून ठेवा. निकाल दिसल्यावर नियम सुचले, तर त्याला नियम म्हणत नाहीत राव!

'एवढं काय त्यात, टाइमपास तर आहे' असं म्हणाल. पण ग्रुप सोडून जाणारा माणूस हरल्यामुळे जात नाही. आपलं मत मोजलंच गेलं नाही असं वाटलं, की तो जातो. सोसायटीच्या मीटिंगपासून ऑफिसच्या ट्रिपपर्यंत हेच चालतं. जिंकणाऱ्याला पद्धत पटतेच. ती हरणाऱ्याला पटली, की मॅच फेअर झाली म्हणायची.