तलावाच्या काठावर बसलेल्यांचे मासे मोजायचे कसे?

पेट पास झालेल्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून एक वाक्य नेहमी ऐकायला मिळतं: "मी काठावर जाऊन लोकांना विचारणार आणि सरासरी काढणार." आरआरसीसमोर हे वाक्य टिकत नाही. कोणाला विचारणार? कधी विचारणार? जो भेटलाच नाही त्याचं काय? आज हाच प्रश्न एका साध्या उदाहरणावर समजून घेऊ. उदाहरण आहे काठावर बसून गळ टाकणाऱ्यांच्या मासेमारीचं.

आधी विषयाचं महत्त्व बघू. आपल्याकडे बहुतेक तलाव आणि धरणांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेली असते. संस्था बोटुकली सोडते, जाळी लावते, मासळी विकते. तिचं उत्पादन कुठेतरी नोंदलं जातं. पण काठावर दोरी, गळ आणि कणकेची गोळी घेऊन बसलेला माणूस कुठल्याच वहीत नसतो. एखाद्या वर्षी संस्थेला मासे कमी मिळाले तर दोष कशाचा? बियाणं कमी पडलं, पाणी कमी होतं, की काठावरून बरेच मासे निघून गेले? आकडाच नसेल तर जो तो आपल्या सोयीचं उत्तर देतो. उलट बाजूही आहे. उद्या सुशोभीकरणासाठी काठाला कुंपण घातलं, तर किती घरांच्या कालवणातली चिलापी गेली हे कागदावर कुठेच दिसणार नाही.

समजा, खुलताबाद तालुक्यात येसगावच्या गिरिजा मध्यम प्रकल्पावर असा अभ्यास करायचा आहे. जगभर या पद्धतीला 'क्रील सर्व्हे' म्हणतात. क्रील म्हणजे पकडलेले मासे ठेवायची टोपली. पद्धतीचा गाभा एका ओळीत मावतो: एकूण मासे = एकूण श्रम × दर तासाला मिळणारे मासे. इथे श्रम म्हणजे सगळ्यांनी मिळून काठावर घालवलेले तास.

श्रम मोजायला दिवसभर बसावं लागत नाही. दिवसातल्या काही वेळा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्या वेळी काठावर किती जण गळ टाकून बसलेत ते मोजायचं. समजा, चार वेळा मोजलं आणि 6, 10, 3, 9 माणसं दिसली. सरासरी 7. दिवस 12 तासांचा धरला तर श्रम झाले 7 × 12 = 84 तास. दर तासाला पाव किलो मिळत असेल तर त्या दिवशी काठावरून 21 किलो मासे निघाले. (हे सगळे आकडे समजावण्यापुरते, काल्पनिक आहेत.)

इथे 'चिठ्ठ्या टाकून' हे शब्द फार महत्त्वाचे. शहरातून एसटीने येणारा संशोधक साधारण अकराला पोचतो आणि चारला परततो. मग पहाटेचे आणि संध्याकाळचे गळवाले त्याला दिसणारच कसे? दिवसांचंही तसंच. कामाचे दिवस आणि सुट्ट्या वेगळे गट करा आणि दोन्हींतून दिवस निवडा. यालाच स्तरित नमुना म्हणतात. खुलताबादला शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी असते, पण गावातल्या गर्दीचा दिवस तोच काठावरच्या गर्दीचा, असं धरून चालू नका. महिन्यांचंही भान ठेवा. श्रावणात कित्येक घरांत मासे शिजत नाहीत. फक्त श्रावणातली किंवा फक्त मे महिन्यातली पाहणी वर्षाचं चित्र देणार नाही.

आता दुसरा भाग, दर तासाचे मासे. इथेच खरी गंमत आहे. तलावाला एकच फाटक असेल तर फाटकावर उभं राहून परतणाऱ्या प्रत्येकाची टोपली बघता येते. अमेरिकेत मिनेसोटातला मिल लॅक्स तलाव हिवाळ्यात गोठतो, लोक बर्फाला भोक पाडून गळ सोडतात आणि बर्फावर जायचे रस्ते ठरलेले असतात. अशा ठिकाणी रस्त्याच्या तोंडाशी मोजणं सोयीचं. आपल्याकडे मात्र कोणी बांधावरून उतरतो, कोणी पांदणीने येतो. म्हणून काठाने फिरत फिरतच विचारावं लागतं.

फिरत विचारलं की एक छुपी चूक शिरते. समजा, दिवसभरात 10 जण एकेक तास बसले आणि 10 जण चार-चार तास. खरी सरासरी अडीच तास. पण तुम्ही कुठल्याही क्षणी गेलात तर चार तास बसणारा भेटायची शक्यता एक तासवाल्याच्या चौपट. भेटलेल्या 5 जणांत साधारण 4 जण लांब बसणारे असतील आणि तुमची सरासरी येईल 17 ÷ 5 म्हणजे 3.4 तास. कोणी खोटं बोललं नाही, तुम्हीही काही लपवलं नाही, तरी आकडा चुकला. जास्त वेळ बसणारे जर जास्त सराईत असतील, तर माशांचा दरही फुगणार.

यावर उपाय काय? होनिग आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये 'बायोमेट्रिक्स' या नियतकालिकात हा प्रश्न सविस्तर मांडला. फाटकावर, म्हणजे पूर्ण फेऱ्या मिळत असतील, तर सगळे मासे भागिले सगळे तास. पण फिरत विचारताना, म्हणजे अर्धवट फेऱ्या मिळत असतील, तर आधी प्रत्येकाचा दर काढा आणि मग त्या दरांची सरासरी घ्या. फक्त एक अट: नुकतेच येऊन बसलेले वगळा. पाच मिनिटांत एक मासा लागला तर दर होतो ताशी 12, आणि तेवढा एक माणूस सगळी सरासरी बिघडवतो. म्हणून अर्ध्या तासापेक्षा कमी बसलेले सहसा सोडतात. रिकाम्या हाताने बसलेल्यांना मात्र कधीच सोडायचं नाही. शून्य हासुद्धा डेटा आहे.

मराठवाड्यात आणखी एक सापळा आहे. उन्हाळ्यात पाणी आटतं, मासे उरलेल्या डबक्यात गोळा होतात आणि गळाला पटापट लागतात. दर वाढलेला बघून कोणीही म्हणेल, यंदा मासे भरपूर. प्रत्यक्षात तलावातले एकूण मासे घटत असतात. दर आणि साठा नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड मासा संपत आला होता, तरी जहाजांना उरलेल्या थव्यांवर चांगली मासळी मिळत राहिली. शेवटी 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली. म्हणून दराच्या रकान्याशेजारी पाण्याच्या पातळीचा रकाना हवाच. धरणावर पातळीची नोंद होत असते, ती मागून घ्या.

शेवटची गोष्ट माणसांची. ठेक्याच्या पाण्यात गळ टाकणाऱ्याला आपण पकडले जाऊ अशी धास्ती असू शकते. वही-पेन घेतलेला अनोळखी माणूस दिसला की तो पिशवी मागे सरकवतो, किंवा "काय नाय बाबा, सकाळपासून बसलोय" म्हणतो. म्हणजे भीतीमुळेही आकडा चुकतो. आधी आपण कोण ते सांगा, परवानगी घ्या, नाव आणि मोबाईल नंबर लिहू नका, चेहऱ्याचा फोटो काढू नका. पिशवी दाखवायची नसेल तर आग्रह नको. 'नकार' अशी नोंद करा आणि असे नकार किती आले ते प्रबंधात लिहा. तुमच्या आकड्यावरून उद्या बंदीही येऊ शकते, आणि ती ज्याच्यावर येईल त्यानेच तुम्हाला टोपली दाखवलेली असेल.

विषय मासे नसला तरी हे लागू पडतं. आठवडी बाजारातले ग्राहक मोजा, सरकारी दवाखान्याच्या रांगेतले रुग्ण मोजा किंवा वाचनालयातले वाचक; जास्त वेळ थांबणारा तुम्हाला जास्त भेटणारच. सिनॉप्सिसमध्ये 'नमुना निवड' या मथळ्याखाली एक परिच्छेद एवढाच लिहा: माझ्या पद्धतीत कोण भेटणार नाही, आणि त्यासाठी मी काय करणार आहे. आरआरसीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येईल.