संगणकातील फायली व परवानगीची विचारणा

शाळेतील पटाच्या याद्या, निकालपत्रके व पोषण आहाराचे हिशेब संगणकात ठेवण्याचा परिपाठ आता सर्वत्र पडला आहे. शाळाभेटीच्या वेळी शिक्षकबंधुभगिनींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. फाईल हलवावयास अथवा पुसावयास जावे, तो यंत्र मध्येच थांबून परवानगी मागते. कित्येक जण कंटाळून न वाचताच 'होय' म्हणतात. एका शिक्षकाने पेनड्राइव्ह साफ करताना असेच केले आणि चौथीचा संपूर्ण निकाल गेला. कारण पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही. प्रश्नातील 'कायमची' हा शब्द त्याने वाचलाच नव्हता. दोन रात्री जागून उत्तरपत्रिकांवरून गुण पुन्हा उतरावे लागले.

ही विचारणा का होते, हे प्रथम समजून घ्यावे. 2001 च्या विंडोज एक्सपीमध्ये बहुतेक लोक सर्वाधिकारी खात्यानेच काम करीत. त्यामुळे एखादी घातक आज्ञावली शिरली, तर तिलाही सर्वाधिकार मिळत. 2007 साली आलेल्या व्हिस्टापासून ही रीत बदलली. मोठा बदल करण्यापूर्वी यंत्र आता मालकाची संमती विचारते.

विचारणेचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्यात सामान्यतः पडदा अंधुक होतो व बदल करू पाहणाऱ्या आज्ञावलीचे नाव दिसते. ती आज्ञावली आपण स्वतः सुरू केली नसेल, तर निःसंकोच 'नाही' म्हणावे. दुसरा प्रकार फोल्डरच्या मालकीचा होय. शाळेचे जनरल रजिस्टर वाचावे कोणी आणि त्यात दुरुस्ती करावी कोणी, हे जसे ठरलेले असते, तशीच यादी प्रत्येक फोल्डरला असते. यादीत आपले खाते नसेल, तर यंत्र अडविते. 'फाईल वापरात आहे' ही सूचना मात्र परवानगीची नव्हे. उघडी फाईल बंद केली म्हणजे काम होते.

जुन्या संगणकाची डिस्क नव्या यंत्रास जोडली असता हीच अडचण येते. फायलींवर जुन्या खात्याची मालकी असते व नवे यंत्र त्या खात्यास ओळखत नाही. फोल्डर शाळेचेच असल्याची खात्री असल्यास पुढे जाण्यास हरकत नाही. येथे एक भेद ध्यानी ठेवावा : एकाच ड्राइव्हमध्ये हलविलेली फाईल आपली जुनी यादी बरोबर नेते, नक्कल केलेली फाईल नव्या फोल्डरची यादी स्वीकारते. म्हणून हलविण्यापेक्षा नक्कल करणे सोयीचे.

पुढील नियम पाळावेत :

1. शाळेची दप्तरे 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवावीत. 'विंडोज' व 'प्रोग्रॅम फाईल्स' या फोल्डरांना हात लावू नये.
2. मुलांसाठी साधे खाते उघडावे. सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे असावा.
3. पुसण्यापूर्वी दुसरीकडे एक प्रत ठेवावी.
4. विचारणा कितीही त्रासदायक वाटली, तरी ती कायमची बंद करू नये.

मुलांना आपण प्रश्न नीट वाचून मगच उत्तर लिहावयास सांगतो. संगणकापुढे बसल्यावर तोच धडा आपणही गिरवावा.